उष्टी फाईल

१

दोनशे त्र्याऐंशी माणसांकडे शेवंताबाईंचा आवाज होता, आणि त्या सगळ्यांनी तो मार्च महिन्यातल्या एकाच दिवशी पुसून टाकला. चुकून नव्हे, नियमाप्रमाणे. पुसल्याचा पुरावा म्हणून रिकाम्या फोल्डरचे फोटो ग्रुपवर टाकले आणि एकमेकांना शाबासकी दिली. शिकल्यासवरल्या माणसांनी मिळून मूर्खपणा करायचा ठरवला की तो किती शिस्तीत होतो, ते बघण्यासारखं असतं.

एप्रिलमध्ये शेवंताबाईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर होता, स्वरयंत्रच काढावं लागलं. दौंडची ही बाई चाळीस वर्षं फडावर गवळणी गायली, आणि आता नातीला बोलवायचं तर तिला टाळी वाजवावी लागत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती नात, करिश्मा, आजीला घेऊन शिरूरला सुलक्षणाकडे आली. एसटी स्टँडसमोर पहिल्या मजल्यावर सुलक्षणाचं केंद्र आहे. कान तपासायचे, ऐकायची मशीन बसवायची, आणि ज्यांचा आवाज गेलाय त्यांना गळ्याला लावायच्या यंत्रावर बोलायला शिकवायचं, हे तिचं काम. वय एक्केचाळीस, जीभ तिखट. ऐकू येत नाही हे लपवणाऱ्या माणसांत तिचा सगळा दिवस जातो, त्यामुळे थापा तिला लगेच कळतात.

तिने शेवंताबाईंच्या गळ्याला यंत्र लावलं. त्यातून घरघरल्यासारखा एक सपाट आवाज आला. शेवंताबाईंनी यंत्र काढून टेबलावर ठेवलं आणि मांडीवरच्या पाटीवर लिहिलं, ‘हा माझा न्हाई. माझा मला ऐकायचाय.’

“फेब्रुवारीत दौंडला हॉलमधी आजीचा शेवटचा कार्यक्रम झाला,” करिश्मा म्हणाली. “तीन तास गायली. कारेगावच्या रोहिदासनं सगळं रेकॉर्ड केलं. आता इचारलं तर कुणाकडंच न्हाई. त्यानंच दाबून ठेवलंय म्हणत्यात.”

शेवंताबाईंनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहायला घेतलं. ‘त्याचं वाटोळं होवो.’ इतक्या जोरात लिहिलं की पेन्सिल मोडली.

सुलक्षणा एरवी दुसऱ्यांच्या भानगडीत पडत नाही. पण त्या बाईच्या तपासणीचे कागद तिच्यासमोर होते आणि आजार फुफ्फुसापर्यंत गेलाय, हे त्यात लिहिलेलं होतं. “मी शोधते,” ती म्हणाली.

२

मंडळाचं नाव अस्सल श्रवण मंडळ. नावावरूनच कल्पना यावी. शिरूर, दौंडपासून बारामतीपर्यंतचे सभासद. भजन, भारूड, गवळण, लावणी, जिथे समोर बसून गाणं होतं तिथे यांच्यातला कुणीतरी माइक घेऊन हजर. मग ते रेकॉर्डिंग मंडळाच्या साइटवर चढतं आणि बाकीचे डाउनलोड करून घेतात. अट एकच, फाईल फ्लॅक पाहिजे. एमपीथ्री म्हटलं की यांना शिसारी येते.

“दोन्हीत फरक काय?” करिश्माने विचारलं.

“एमपीथ्री फाईल लहान करायला आवाजातलं काही काढून टाकते. सहसा ज्याची कुणाला आठवण येत नाही असं, मुख्यतः अगदी वरचे बारीक आवाज. फ्लॅक काहीच टाकत नाही. साडी घडी घालून ट्रंकेत ठेवायची आणि तशीच बाहेर काढायची. एमपीथ्रीवाले काठ कापून मग घडी घालतात.”

“आन् काठ कापल्याली साडी फ्लॅकमधी घातली तर?”

“फाईल जड होते. काठ परत येत नाही. कॉम्प्युटरवर आवाजाचा ग्राफ काढला तर वरचा भाग सरळ रेषेत कापलेला दिसतो.”

अशा फुगवलेल्या फाईलला मंडळात उष्टी म्हणत. उष्टी सापडली की सगळ्यांनी ती पुसायची, मूळ मेमरी कार्ड मोडायचं आणि आणणाऱ्याला हाकलायचं.

आणखी एक रीत होती. कुणी घरी फाईल बनवायची नाही. ज्याने रेकॉर्ड केलं त्याने कार्ड जसंच्या तसं निमोण्याला सर्जेराव आबांकडे नेऊन द्यायचं. फ्लॅक आबांच्या घरी बनणार, आबा ती स्वतःच्या कानांनी ऐकून ‘अस्सल’ म्हणणार, आणि कार्ड त्यांच्या लोखंडी कपाटात जाणार. घरी कॉपी ठेवली तर आबांवर विश्वास नाही असा अर्थ होई, म्हणून कुणी ठेवत नसे. आवाजाचा कण न् कण जपणाऱ्या या माणसांनी सगळा जीव एका कपाटात कोंडला होता.

करिश्माच्या ओळखीतल्या एका सभासदाकडून सुलक्षणाने ग्रुपवरचा आबांचा तो मेसेज मिळवला. चौदा मार्च, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.

‘आठ दिवसांपूर्वी घाईत चढवलेली शेवंताबाईंची फाईल आत्ताच मोठ्या स्पीकरवर नीट ऐकली. पहिल्याच गवळणीत टाळांचा वरचा किणकिणाट मेलेला आहे. एमपीथ्रीवरून फुगवलेली आहे. रोहिदासने आपल्याला कार्डच उष्टं दिलं, खरं रेकॉर्डिंग स्वतःकडे दाबलं. कान फसत नाहीत. नियम पाळावा.’

संध्याकाळी पाच चाळीसला ग्राफ आला, वरून सरळ कापलेला. त्याखाली फोटो होता. दोन मेमरी कार्डं, मधोमध मोडलेली, पाठीमागची बाजू वर.

सुलक्षणाने फोटो मोठा करून तुकडा न् तुकडा बघितला. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच महत्त्वाचं आहे हे तिला दुसऱ्या दिवशी कारेगावात कळलं.

३

रोहिदास चौतिशीचा. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत लेथवर असतो, कारेगावात एका खोलीत राहतो. खोलीत पलंगापेक्षा माइकची पेटी जास्त जपून ठेवलेली.

“मंडळातनं काढल्यापासनं कुठं माइक लावू देत न्हाईत, मॅडम,” तो म्हणाला. “मागल्या महिन्यात एका भजनाला गेलतो, तर वायर उपटून हातात दिली. बाईंचं ऑपरेशन झालं तवा बघायला गेलतो दौंडला. त्यांनी चप्पल फेकून मारली.”

“रेकॉर्डिंग खरं होतं?”

“तीन तास त्यांच्या पायाशी बसून घेतलंय. दोन कार्डं भरली. दुसऱ्या दिशी निमोण्याला नेऊन दिली. कॉपी न्हाई ठेवली, आपल्याकडं तशी रीत न्हाई.”

आपल्याकडं, म्हणाला. अजूनही.

“तुमची कार्डं ओळखू येतील का?”

त्याने पेटीतून एक कार्ड काढून उलटं केलं. मागे सुईने कोरलेले चार बारीक आकडे होते, ४४१७. “माझा टोकन नंबर. कंपनीत हत्यारांना घालतो, तसा कार्डांना बी घालतो.”

सुलक्षणाने मोबाईलवरचा तो फोटो त्याच्यापुढे धरला. रोहिदासने मान फिरवली. तीन महिन्यांत त्याने तो एकदाही उघडला नव्हता, लाज वाटायची म्हणाला. तिने जबरदस्तीने बघायला लावलं. दोन्ही कार्डांच्या पाठी कोऱ्या होत्या.

“ही माझी न्हाईत,” तो हळू म्हणाला. “मग माझी कुठं हायेत?”

“तुमचं आणि आबांचं काही बिनसलं होतं?”

“छे. आबा म्हंजी गुरू आपले.” मग म्हणाला, “जानेवारीत एक भारूड त्यांनी अस्सल म्हणून चढवलं. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत हॉलच्या लायटींची बारीक शिट्टी व्हती. ग्रुपवर न्हाई बोललो मी. घरी जाऊन एकट्याला सांगितलं, आबा, तेवढी शिट्टी राहिली बघा.”

“काय म्हणाले?”

“काय न्हाई. चहा पाजला. म्हणले, तुझे कान लई चांगले हायेत रोहिदास.”

४

निमोण्यात सर्जेराव आबांचा बंगला रस्त्यावरच आहे. वय अडुसष्ट. तरुणपणी लाउडस्पीकरचा धंदा होता, पंचक्रोशीतल्या जत्रा त्यांच्याच कर्ण्यांवर झाल्या. आता शेती, मान आणि मंडळ.

गाणं ऐकायच्या खोलीत पाऊल ठेवलं आणि सुलक्षणाच्या कपाळात कळ गेली. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये निळ्या दिव्याचं एक डबडं होतं आणि त्यातून इतका बारीक, तीक्ष्ण आवाज येत होता की दात शिवशिवावेत.

“उंदीर पळवायचं हाय ते,” आबा कौतुकाने म्हणाले. “वायरी कुरतडायचे. वर्ष झालं, एक उंदीर फिरकला न्हाई.”

“आवाज होतो ना त्याचा?”

“माणसाला येतच न्हाई तो. म्हणून तर दिवसभर हितं बसतो. गाभाऱ्यासारखी शांत खोली हाय बघा.”

तिने रोहिदासचा विषय काढला.

“जाऊ द्या त्याचं,” आबा म्हणाले. “मशिनीच्या खडखडाटात जल्म गेला त्याचा. लेथवरच्या माणसानं मला गाण्यातलं शिकवावं?”

“त्याने शिकवलं कधी?”

आबांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत सुलक्षणा ओसरीवर आली. तिथे आबांचा पुतण्या विश्वजीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. मंडळाचं कॉम्प्युटरचं सगळं काम तो बघतो.

“आत का नाही बसत?”

“त्या उंदराच्या डबड्यानं डोकं उठतं, मॅडम. दहा वेळा म्हणलं काढा म्हणून. आबा म्हणत्यात, तुला भास होत्यात.”

मग त्याने इकडेतिकडे बघितलं. तीन महिने पोटात ठेवलेली गोष्ट कुणालातरी सांगायचीच होती त्याला, विचारणारं कुणी भेटलं नव्हतं.

“शेवंताबाईंची कार्डं आली त्या दिशी मी त्याची एमपीथ्री केली. गाडीवर जाताना ऐकायला, मोबाईलात. आबांनी पकडलं. मोबाईल काढून घेतला आन् दुसऱ्या दिशी फाईल पुसून परत दिला.”

“मग फ्लॅक कुणी चढवली?”

“आबांनी. एरवी मीच चढवतो. त्या टायमाला म्हणले, मला बी शिकू दे की.”

“आणि ग्राफ?”

“ग्राफ मी काढला. त्याचं सॉफ्टवेअर ह्या लॅपटॉपवरच हाय. त्या दिशी मी शिरूरला मार्केट यार्डात कांदा घेऊन गेलतो, लॅपटॉप माझ्याकडंच व्हता. पाचला आलो तवा आबा म्हणले, ग्राफ काढ. मेसेज त्यांनी आदीच टाकला व्हता.” विश्वजीत आतल्या दाराकडे बघून हळू बोलायला लागला. “मला वाटलं, माझ्याच एमपीथ्रीनं काय तरी घोटाळा झाला. म्हणून गप बसलो.”

“तुम्ही गप बसलात आणि रोहिदासने चप्पल खाल्ली.”

त्याने मांडीवरचा लॅपटॉप बाजूला सारला. एमपीथ्री त्याने केली होती, ती फुगवायची अक्कलही त्याच्याकडे होती, आणि घाबरलेला तर दिसतच होता. पण सुलक्षणाला जे हवं होतं ते मिळालं होतं. ती पुन्हा आत गेली.

५

तिने खोलीचं दार लोटलं आणि भिंतीवरच्या डबड्याच्या बटणावर बोट ठेवलं.

“आबा, मी हे बंद करते आणि चालू करते. चालू झालं की हात वर करा.”

“येडेपणा लावलाय काय? माणसाला—”

“विश्वजीतचं डोकं उठतं म्हणून तो बाहेर बसतो. मला दारापासून येतोय. तुम्ही वर्षभर त्याच्या बाजूला बसलाय.” तिने बटण बंद केलं. खोली खरोखर शांत झाली. आबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

“तुम्हाला हे ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “मग टाळांचा वरचा किणकिणाट मेला, हे कसं ऐकलंत? एमपीथ्रीने जे कापलं ते याच्याही वरचं. तुमच्यासाठी खरी फाईल आणि उष्टी फाईल सारखीच.”

“ग्राफ बघितला मी.”

“ग्राफ पाचनंतर निघाला. मेसेज दोन दहाचा. कानाने कळणं शक्य नव्हतं आणि ग्राफ नव्हता. तरीही फाईल उष्टी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. ती ज्याने बनवली त्यालाच ते ठाऊक असणार. विश्वजीतची एमपीथ्री घेतलीत, फुगवलीत, स्वतः चढवलीत आणि आठ दिवसांनी स्वतःच पकडलीत. रोहिदासने शिट्टी ऐकली होती. तो आणखी कुणाला सांगायच्या आत त्याच्यावरचा विश्वास उडवायचा होता. फोटोतली कार्डंसुद्धा त्याची नाहीत. त्याच्या कार्डांवर नंबर असतो.”

आबा उठले. ते दार उघडून माणसं बोलावतील, असं तिला वाटलं. त्यांनी आतून कडी लावली.

मग कपाट उघडलं आणि आतल्या डबीतून दोन कार्डं काढून तळहातावर धरली. मागे बारीक आकडे होते.

“मोडायला घेतली व्हती,” ते म्हणाले. “हात धजला न्हाई.”

“रोहिदासला मोडताना धजला.”

“सात वर्षं झाली, ताई. आदी घुंगरं गेली. मग टाळ गेलं. आता समोरच्याचं निम्मं बोलणं तोंडाकडं बघून लावतो मी. मंडळात लोक माझ्या कानांच्या शपथा घेत्यात.” त्यांनी मूठ मिटली. “मशीन लावलं तर येईल का परत?”

“बोललेलं कळेल. टाळ कधीच येणार नाहीत,” सुलक्षणा म्हणाली. हे तिने जरा आवडीनेच सांगितलं, आणि आपल्याला आवडलं हे तिला कळलंही.

आबांना ते लागलं. लागल्यावर त्यांच्यातला सौदा करणारा माणूस जागा झाला. त्यांनी एक कार्ड तिच्यापुढे टेबलावर ठेवलं. दुसरं मुठीत धरलं.

“ह्यात पहिले दोन तास हायेत. न्या. दुसऱ्यात भैरवी हाय, ती माझ्याकडं राहील. दिवाळीला देईन. तवर आपल्या बोलण्यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर...” त्यांनी दोन बोटांत कार्ड धरून जरासं वाकवलं. कार्ड कुरकुरलं.

“ती बाई दिवाळी बघेल की नाही, सांगता येत नाही.”

“मग तुमाला लई दिस गप बसावं लागायचं न्हाई,” आबा म्हणाले.

६

ठरवायचा हक्क आपला नाही, एवढं सुलक्षणाला समजत होतं. तिने बंगल्याबाहेर येऊन रोहिदासला फोन लावला. त्याची पहिली पाळी नुकतीच सुटली होती, मागे कंपनीच्या बसचे हॉर्न ऐकू येत होते. तिने सगळं सांगितलं.

“आत्ता मी ग्रुपवर लिहिलं तर तुमचं नाव साफ होईल,” ती म्हणाली. “पण ते कार्ड मोडतील. हा माणूस मोडेल, मी बघितलंय त्याला.”

“भैरवीला बाई उठून उभ्या राहिल्या व्हत्या, मॅडम. बसून गायलीच न्हाई त्यांनी. तसं आता परत कोण गाणार?”

“आणि तुमचं काय?”

“माझं काय. कंपनीत कुणी गाणं ऐकत न्हाई.” मग म्हणाला, “गप बसा तुमी. दिवाळीपतोर तर हाय.”

सुलक्षणाने अट मान्य केली आणि रविवारी आपण कार्ड दौंडला नेऊन देऊ, असं आबांना सांगितलं. पण रविवारी सकाळी ती दौंडला पोचली तर आबा आधीच हजर होते. शाल, नारळ आणि मंडळाचे सात-आठ सभासद बरोबर. दोन मोठे स्पीकर शेवंताबाईंच्या घरात मांडलेले. आबांनी सुलक्षणाच्या हातातून कार्ड मागून घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

“लई कष्टानं काढून घेतलं रोहिदासकडनं,” ते म्हणाले. “निम्मंच दिलं त्या भाड्यानं. निम्मं अजून दाबून बसलाय. पर तुमची भैरवी बी मी काढून आणतो बाई, काळजी करू नका.”

हे ठरलेलं नव्हतं. सुलक्षणाने तोंड उघडलं. आबांनी तिच्याकडे बघत शांतपणे सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. तिने तोंड मिटलं. असा राग तिला आयुष्यात आला नव्हता, आणि तो गिळताना आपण विश्वजीतपेक्षा काही वेगळ्या नाही, हेही तिला दिसलं.

गाणं सुरू झालं. शेवंताबाई पलंगावर ताठ बसल्या. ओळ सुरू व्हायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, हात मांडीवर ठेका धरत होता, आणि जिथे त्या सुरात वर जायच्या तिथे गळ्याच्या भोकावरचं फडकं नुसतं आतबाहेर होत होतं. पहिली गवळण संपल्यावर त्या खाली उतरल्या आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्यांच्या खांद्यांवर शाल घातली. सभासदांनी फोटो काढले.

“आजी, तो बाहेर आलाय,” खिडकीतून बघत करिश्मा म्हणाली. “रोहिदास. गल्लीत उभाय.”

शेवंताबाईंनी पाटी मागवली. दोन ओळी लिहिल्या आणि दाराकडे बोट केलं. करिश्मा पाटी घेऊन बाहेर गेली. सुलक्षणाही मागोमाग गेली.

रोहिदास समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. करिश्माने पाटी त्याच्या तोंडासमोर धरली. ‘उरलेलं दे. मग मर.’

त्याने पाटी हातात घेऊन वाचली. एकदा सुलक्षणाकडे बघितलं आणि पाटी दोन्ही हातांनी नीट करिश्माला परत दिली.

“सांग त्यांना, दिवाळीला देतो,” तो म्हणाला.

करिश्मा त्याच्या पायाशी थुंकली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आत दुसरी गवळण लागली होती. भिंतीतूनही चांगली ऐकू येत होती. सुलक्षणाला त्याची माफी मागायची होती, पण कशाकशाची मागायची ते तिला जुळवता येईना. रोहिदास मान खाली घालून ऐकत होता. कडवं संपेपर्यंत त्याने हात वर करून तिला थांबवलं.

“डावा माइक जरा जवळच पडला माझा,” तो म्हणाला. “एक वीत मागं पायजे व्हता.”